एक भाकर, एक पंगत : प्रभुभोजन एकट्यानं का घेत नाहीत?

(कर्वेनगर, पुणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय प्रभुभोजनाचा आहे. ऐकणाऱ्यांत ख्रिस्ती घरांतली मंडळी आहेत, तशीच चर्चची पायरी कधीही न चढलेली मंडळीही आहेत. दोघांनाही समजेल अशा पद्धतीनं मांडायचा प्रयत्न करतो.

कोरोनाच्या काळापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. उपासना मोबाईलवर दिसते, प्रवचन ऐकू येतं, गीतंही म्हणता येतात. मग घरातल्या पावाचा तुकडा आणि वाटीभर द्राक्षरस घेऊन मी एकट्यानंच प्रभुभोजन घेतलं, तर बिघडलं कुठं? देव तर सगळीकडे आहे. श्रद्धा माझी आहे. मधे बाकीचे लोक कशाला हवेत?

प्रश्न प्रामाणिक आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. आमचं म्हणणं असं की त्याचं उत्तर शोधायला धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांइतकीच मदत आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाची होते. कारण कोण कोणाबरोबर जेवतं, या प्रश्नाचं वजन आपल्याइतकं फार थोड्या समाजांना कळलेलं आहे.

विधी काय आहे?

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू आपल्या बारा शिष्यांबरोबर जेवायला बसला. त्यानं भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सगळ्यांना दिली. मग एक प्याला घेतला आणि तोही सगळ्यांत फिरवला. भाकरीला त्यानं आपलं शरीर म्हटलं, प्याल्याला आपलं रक्त म्हटलं, आणि माझ्या आठवणीसाठी हे करत राहा असं सांगितलं. तेव्हापासून ख्रिस्ती लोक हे करत आले आहेत. मराठी प्रोटेस्टंट त्याला प्रभुभोजन किंवा पवित्र सहभागिता म्हणतात. कॅथलिकांकडे ते मिस्सामध्ये होतं. भाकरीचं नेमकं काय होतं, ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर बनते की ती एक खूण आहे, यावर चर्चमध्ये शतकानुशतकं वाद आहेत. आज आपण त्या वादात शिरणार नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली म्हणजे, ते जेवण यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांतलं होतं. वल्हांडणाचा नियम काय होता? एका घरानं एक कोकरू कापायचं. पण घर लहान असेल, माणसं थोडी असतील आणि कोकरू संपणार नसेल, तर शेजारच्या घराला बरोबर घ्यायचं. म्हणजे ज्या सणातून प्रभुभोजन आलं त्या सणातच ही सोय आहे. माणसं कमी पडली म्हणून एकट्यानं उरकून घ्यायचं नाही, शेजाऱ्याला हाक मारायची.

दुसरी गोष्ट, मराठी बायबलमध्ये शब्द 'भाकर' असा आहे. भाकर कापत नाहीत, मोडतात, आणि मोडलेली भाकर वाटली जाते. मोडणं आणि वाटणं यांशिवाय हा विधी पुरा होत नाही. जगातल्या जवळजवळ सगळ्या चर्चनी, एकमेकांशी कितीही भांडण असलं तरी, या क्रिया जपल्या आहेत.

करिंथचं भांडण

या विधीबद्दलचं सगळ्यात जुनं लेखन आपल्याला मिळतं ते पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात. साधारण इसवी सन ५३ ते ५५ मधलं पत्र. आणि गंमत अशी की ते लिहिलं गेलं ते पंगतीतल्या भांडणावरून.

करिंथ हे बंदराचं, पैशाचं शहर. मंडळीत श्रीमंत होते, मजूर होते, गुलामही होते. सगळे एकाच्या घरी जमायचे, जेवण व्हायचं आणि त्यातच प्रभुभोजन व्हायचं. पण ज्यांच्याकडे खायला होतं ते आपलं आपण आधी खाऊन घ्यायचे. काही जण तर पिऊन तर्र व्हायचे, आणि बाकीचे उपाशी राहायचे. पौल चिडला. तुम्ही जे करता ते प्रभुभोजन नाहीच, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं तो म्हणतो.

इथं नीट पाहा. करिंथची माणसं घरी एकटी बसली नव्हती. ती एका छताखाली जमली होती. भाकर होती, प्याला होता, प्रार्थनाही झाली असेल. तरी पौलाच्या मते प्रभुभोजन झालं नाही, कारण एकत्र जमूनही प्रत्येकानं आपापलं खाल्लं. म्हणजे 'एकटं' हा शब्द फक्त रिकाम्या खोलीला लागू होत नाही. भरल्या चर्चमध्येही माणूस एकट्यानं प्रभुभोजन घेऊ शकतो.

याच पत्रात थोडं आधी पौल म्हणतो की भाकर एक आहे, आणि आपण सगळे तिच्यात वाटेकरी आहोत म्हणून आपण अनेक असूनही एक शरीर आहोत. पुढे तो बजावतो की शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दोष ओढवून घेतो. आता, हे 'शरीर' म्हणजे भाकर की मंडळी? अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. पण उपाशी राहिलेल्या गरिबांचा विषय चालू असताना हे वाक्य येतं, त्यामुळे शेजारी बसलेला माणूस त्यातून वगळता येत नाही.

आपल्याकडे प्रभुभोजनाच्या आधी स्वतःची परीक्षा करा असं सांगतात. बहुतेक जण डोळे मिटून स्वतःची खासगी पापं आठवतात. ते चांगलंच आहे. पण मूळ संदर्भात पहिला प्रश्न असा आहे : माझ्यामुळे या पंगतीत कोणी उपाशी राहिलं का?

पंगत आणि महाराष्ट्र

आता करिंथहून पुण्या-मुंबईकडे येऊ.

मुंबईत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जातिभेद मोडायचा होता. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. तो पावाचा घास ही परीक्षा होती. पण सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि ती मोडली. याच सभेत असलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेऊन उघडपणे ख्रिस्ती झाले होते.

दुसरा प्रसंग पुण्यातला, ऑक्टोबर १८९० चा. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता कपाला हात लावला. हे सगळं घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोशींनी नंतर नावं वर्तमानपत्रात येतील अशी व्यवस्था केली. मग ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. मिशनमध्ये जाऊन पाद्र्याचं भाषण ऐकण्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो चहावर.

तिसरा प्रसंग आपण आज ज्या भागात बसलो आहोत त्याच्याशी जोडलेला. कर्वेनगर हे नाव महर्षी धोंडो केशव कर्व्यांमुळे. त्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याला, म्हणजे इथंच, आला. त्याआधी ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर कर्व्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं, असा तो प्रकार होता. कर्वे ख्रिस्ती झालेले नव्हते. तरी शिक्षा तीच, पंगतीबाहेर काढण्याची.

हे तीन प्रसंग सांगितले ते अशासाठी की आपल्या लक्षात यावं, विचार मनात ठेवता येतात, जेवण नाही. एखाद्याची समतेवर श्रद्धा आहे की नाही हे पन्नास वर्षं कोणाला कळणार नाही. पण तो कोणाच्या ताटाशेजारी बसला हे त्याच दिवशी गावभर होतं. परमहंस सभेनं आणि पंचहौदच्या चहानं जे दाखवलं तेच प्रभुभोजनाला लागू आहे. ते एकट्यानं घेतलं की त्याची किंमतच मोजावी लागत नाही.

वारकऱ्यांचा काला आठवा. प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवायची आणि मग सगळ्यांनी खायची. प्रसाद पुडीत बांधून घरी नेता येतो. काला एकट्याचा होऊच शकत नाही. प्रभुभोजनाला जवळचा मराठी शब्द शोधायचा तर आम्हाला प्रसादापेक्षा काला जवळचा वाटतो.

टेबलापाशी जात

पण मग ख्रिस्ती मंडळींनी तरी ही पंगत नीट सांभाळली का? खरं सांगायचं तर नेहमीच नाही.

दक्षिणेत तंजावर, तरंगंबाडी भागात जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत वरच्या जातींतले आणि दलित ख्रिस्ती वेगळे बसायचे. प्रभुभोजनाला आधी हे, मग ते. काही ठिकाणी तर प्यालेही वेगळे होते. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जात पाळणं ताबडतोब बंद करा असं पत्र काढलं. परिणाम काय झाला? अनेकांनी चर्च सोडलं. बाप्तिस्मा चालतो, प्रार्थना चालते, एक प्याला चालत नाही.

आपल्याकडे नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. पुढे जे ख्रिस्ती झाले त्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजांतले, आणि मूठभर ब्राह्मण. त्या सगळ्यांना एका टेबलाशी यायचं होतं. ते सोपं नव्हतं. महार आणि मांग यांच्यातली शिवाशिवही एका प्रार्थनेनं संपली नाही.

हे आतून कसं घडतं हे समजून घ्यायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र राहायला लागल्यावरही त्यांचं सोवळं, त्यांचा स्वयंपाक वेगळाच होता. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्याआधी त्यांच्या मनात एक गाठ सुटली होती. जात देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे, असं त्यांना पटलं, आणि कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्यांनी ठरवलं. हा क्रम फार बोलका आहे. धर्मांतराचा विधी नंतर आला. पाण्याचा प्याला आधी आला.

टिळकांनी पुढे १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती. १९१९ मध्ये ते गेले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. पण पंगतीची रेघ कुठं ओढायची हा त्यांचा प्रश्न आजही तसाच आहे.

नागपूर, १९७०

जातीशिवाय आणखी एक भिंत होती, मिशनची. नगर जिल्ह्यातच अमेरिकन मिशनची चर्च होती आणि अँग्लिकन पंथाच्या एस.पी.जी. मिशनचीही होती. अँग्लिकन शिस्तीत बिशपनं हात ठेवून दृढीकरण केलेल्यालाच टेबलाशी यायची मुभा. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत बिशपच नव्हते. म्हणजे भाषा एक, गाणी एक, सोयरिकीही एकमेकांत, पण प्रभुभोजनाचं टेबल वेगळं. हा भेद इथल्या माणसांनी निर्माण केलेला नव्हता. इंग्लंड-अमेरिकेतली जुनी भांडणं बोटीतून इथं आली होती.

यावर तोडगा निघायला चाळीसेक वर्षांच्या वाटाघाटी लागल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. वाटाघाटींत सगळ्यात अवघड मुद्दा होता पाळकांच्या अधिकाराचा : कोणाच्या हातची भाकर सगळ्यांना चालेल? शेवटी सगळ्यांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली, आणि कोणी कोणाला कमी न लेखता एका टेबलाशी यायचा मार्ग खुला झाला. पंचहौदचं पवित्र नाम देवालय आणि नगरची जुनी अमेरिकन मिशनची मंडळी आता एकाच चर्चचा भाग आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं टेबल मात्र आजही वेगळं आहे. ते दुःख दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना आहे.

आता विचार करा. प्रभुभोजन हा माणूस आणि देव यांच्यातला खासगी व्यवहार असता, तर इतकी वर्षं वाटाघाटी कशाला केल्या असत्या? प्रत्येकानं आपापल्या घरी भाकर मोडली असती.

मग आजारी माणसाचं काय?

आता मूळ प्रश्नाकडे. जो येऊच शकत नाही त्याचं काय? अंथरुणाला खिळलेले आजोबा, रात्रपाळी करणारी परिचारिका, परगावी एकटा राहणारा विद्यार्थी?

हा प्रश्न नवा नाही. इसवी सन १५० च्या सुमारास जस्टिन मार्टर यानं रोममधल्या ख्रिस्ती उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात तो सांगतो की भाकर वाटून झाली की सेवक ती गैरहजर असलेल्यांच्या घरी घेऊन जात. यातला बारकावा पाहा. गैरहजर माणसाला 'तू तुझं घरी करून घे' असं सांगितलेलं नाही. त्याच एका भाकरीचा तुकडा त्याच्यापर्यंत पोचवला जातो. तो खोलीत एकटा असला तरी पंगतीतला आहे, कारण त्याच्या वाट्याचं कोणीतरी आठवणीनं काढून ठेवलं आणि पायपीट करून नेऊन दिलं.

इंग्लंडच्या चर्चचं १६६२ चं प्रार्थनापुस्तक याबाबत फार काटेकोर आहे. मंडळी कितीही छोटी असो, पाळकाबरोबर निदान तीन जण घेणारे असल्याशिवाय प्रभुभोजन करू नये, असा त्यात नियम आहे. आजाऱ्याच्या घरी केलं तरी त्याच्याबरोबर निदान दोघांनी घ्यावं. अपवाद एकच, प्लेगसारख्या साथीचा. संसर्गाच्या भीतीनं कोणी येत नसेल, तर आजाऱ्याच्या विनंतीवरून पाळकानं एकट्यानं त्याच्याबरोबर घ्यावं. म्हणजे साथीच्या काळातही निदान दोन माणसं हवीतच.

कोरोनात हा अपवाद आपल्या दारात आला. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी होती. १२ एप्रिलचा ईस्टर बंद दारांआड गेला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला. त्या महिन्यांत काही चर्चनी घरोघरी भाकर-द्राक्षरस घेऊन पडद्यासमोर बसायला परवानगी दिली, काहींनी थांबा म्हणून सांगितलं. कॅथलिक चर्चनं आत्मिक सहभागाची जुनी प्रार्थना सुचवली. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक हा निवाडा आम्ही करणार नाही. भुकेच्या वेळी जे मिळालं त्यावर लोकांनी दिवस काढले. मात्र दुष्काळात खाल्लेलं अन्न हे सणाचं जेवण नव्हे, एवढं ध्यानात ठेवावं. सोय म्हणून जे सुरू झालं ते सवय म्हणून राहिलं, तर आपण काहीतरी गमावतो.

काय गमावतो? घरी मी वेळ ठरवतो, पाव मी आणतो, मला न आवडणारा माणूस तिथं नसतो. चर्चमध्ये माझ्या पुढे कोण उभं राहील हे माझ्या हातात नसतं. ज्याच्याशी जमिनीच्या बांधावरून वाद आहे तोही त्याच रांगेत असतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशूनं सांगितलं आहे. त्या भावाचं तोंडच दिसलं नाही तर समेटाची आठवण होणार कशी?

'पण आमच्या चर्चमध्ये छोटे छोटे पेले असतात, मग एक प्याला कुठं राहिला?' असंही कोणी विचारेल. जंतूंचं ज्ञान वाढलं तसे १८९० च्या दशकात अमेरिकेत हे वेगळे पेले आले, तिथून सगळीकडे पसरले. आमच्या मते तिथं मोठी अडचण नाही. बऱ्याच मंडळ्यांत सगळ्यांच्या हातात पेला येईपर्यंत थांबतात आणि मग सगळे एकदम घेतात. पौलानं करिंथकरांना हेच तर सांगितलं होतं : एकमेकांसाठी थांबा.

शेवटी

सारांश इतकाच. प्रभुभोजनात भाकर महत्त्वाची आहेच, पण ती कोणाबरोबर मोडली हेही विधीचा भाग आहे, सजावट नाही. म्हणून शक्य असेल तर जा. जाता येत नसेल तर निरोप पाठवा, कोणालातरी घरी बोलवा. मागून घ्यायला लाजू नका, तो तुमचा वाटा आहे.

आणि जे दर महिन्याला चर्चमध्ये जातात त्यांच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी टेबलाकडे जाताना डोळे मिटण्याआधी एकदा आजूबाजूला पाहा. गेल्या महिन्यात होतं आणि आज नाही असं कोण आहे? ते आजारी आहेत, रागावलेत, की त्यांना कोणी लाजवलं? उपासना संपल्यावर त्यांच्या घराची बेल वाजवा. प्रीतिभोजन असेल तर डबा घेऊन जा. जस्टिनच्या काळातले सेवक तेच करत होते.

प्रश्न जरूर विचारा.